गोळी आडवी लागली की दोष ट्विस्टचा का साईजचा?

परवा परत तेच झालं. रेंजवर शेजारच्या टेबलावर आपला नाशिककडचाच एक मित्र, त्याच्या टार्गेटवर दोन भोकं गोल आणि तीन लांबट, म्हणजे गोळी कागदात आडवी घुसलेली. त्याने लगेच निकाल देऊन टाकला, "माझ्या बॅरलचा ट्विस्ट स्लो आहे रे, ओतीव गोळी यात चालणारच नाही." मी विचारलं बॅरल मोजलीस का, गोळी मोजलीस का. नाही. डब्यावर लिहिलेला आकडा वाचला होता, बस. हे मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

आधी एक स्पष्ट करतो, हे सगळं इथल्या अमेरिकेतल्या शौकाबद्दल आहे, जिथे लोक घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात आणि ते कायद्याने चालतं. भारतात लायसन्सशिवाय हे करता येत नाही, तिकडच्या मित्रांनी फक्त समजून घेण्यासाठी वाचा.

ट्विस्ट म्हणजे काय हे तुम्हाला माहिती आहे असं धरून चालतो. बॅरलच्या आतले आटे किती इंचात एक पूर्ण फेरा घेतात तो आकडा. १:१० म्हणजे दहा इंचात एक फेरा, १:३८ म्हणजे अडतीस इंचात एक. आकडा मोठा तेवढी गिरकी कमी. एआर प्रकारची रायफल वापरणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं, त्यामुळे यात वेळ घालवत नाही.

फक्त एक गोष्ट, कारण ती पण कायम चुकीची सांगतात. ट्विस्ट गोळीच्या वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. "या बॅरलला एवढ्या ग्रेनपर्यंत चालतं" असं आपण बोलतो (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) कारण एकाच जाडीची गोळी जड केली की ती बहुतेक वेळा लांबही होते, पण खरं काम लांबीचं आहे. अमेरिकन लष्कराचंच उदाहरण घ्या. एम-१६ए१ रायफलीला १:१२ होतं, एम-१६ए२ ला एकदम १:७ केलं. साधी एम८५५ गोळी ६२ ग्रेनची, तिला १:९ पुरतं. पण तिच्या जोडीची एम८५६ ट्रेसर, म्हणजे उडताना उजेडाची रेघ दाखवणारी गोळी, जेमतेम ६४ ग्रेनची असून बरीच लांब आहे, आणि एवढा फास्ट ट्विस्ट तिच्यासाठी घ्यावा लागला. वजनात दोन ग्रेनचा फरक! ओतीव गोळीत तर हे अजून सोपं दिसतं. एकाच साच्यात एकदा मऊ शिसं ओता आणि एकदा लिनोटाइप, म्हणजे छपाईच्या खिळ्यांचं कडक मिश्र शिसं. लिनोटाइपची गोळी हलकी भरेल पण लांबी तीच, त्यामुळे हलकी झाली म्हणून ट्विस्टची अडचण काही सुटत नाही.

आता साईज, म्हणजे गोळीचा व्यास. माझ्या मते नव्वद टक्के गोंधळ इथे आहे.

कॉपर जॅकेटवाल्या, म्हणजे तांब्याचं आवरण असलेल्या गोळीची सवय असली की साईजचा विचारच करावा लागत नाही. डबा घेतला, रायफलच्या नावाशी जुळला, झालं. जॅकेट कडक असतं, गोळी बॅरलपेक्षा एखाद-दोन हजारांश इंच बारीक असली तरी ती आटे नीट पकडते आणि बऱ्यापैकी सरळ जाते. तीच सवय घेऊन माणूस ओतीव गोळीकडे येतो आणि तिथे फसतो. शिशाची गोळी बॅरलच्या खाचांपेक्षा बारीक असेल तर मागचा गरम गॅस तिच्या कडेने पुढे निसटतो. निसटताना तो गोळीची बाजू अक्षरशः कापत जातो, ते शिसं बॅरलला डाख दिल्यासारखं चिकटतं, गोळीचा बुडखा एका बाजूने खराब होतो, आट्यांची पकड सुटते. अशी गोळी नळीतून बाहेर पडतानाच वाकडी निघते. मग ती आडवी लागणारच, ट्विस्ट कितीही चांगला असो.

आणि कागदावर भोक दिसतं ते अगदी ट्विस्ट कमी पडल्यावर दिसतं तसंच! म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. आजार दोन, लक्षण एक.

वेगळं कसं ओळखायचं ते सांगतो, हळू वाचा.

ट्विस्ट कमी पडत असेल तर सगळ्या गोळ्या सारख्याच वागतात. त्याच लोडच्या, म्हणजे तीच गोळी आणि तेवढीच दारू भरलेल्या, दहा मारल्या तर दहाच्या दहा कमीजास्त कलतात, कारण लांबी दहांचीही तीच आणि गिरकीही तीच. जवळ थोडी कललेली दिसते, लांब गेलं की जास्त. बॅरल आतून स्वच्छ असते. वेग वाढवला तर थोडा फरक पडतो, गोळी आखूड केली तर प्रश्नच मिटतो.

साईज चुकली असेल तर गोंधळ असतो, दहात चार आडव्या, सहा गोल, पुढच्या दहात दोनच आडव्या, आणि हे २५ यार्डांवरसुद्धा. नेम कुठेतरी, गोळी कुठेतरी. बॅरलमध्ये चेंबरच्या (काडतूस जिथे बसतं त्या जागेच्या) जरा पुढे बघा, करड्या रंगाचं शिसं पट्ट्यांनी चिकटलेलं दिसेल. (शिसं फक्त तोंडाकडे चिकटत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिथे बहुतेक वेळा गोळीवरचं ग्रीस वाटेतच संपलेलं असतं.) आणि वेग वाढवला की सुधारायच्या ऐवजी बिघडतं. ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. वेगाने बरं वाटलं तर संशय ट्विस्टवर घ्या, वेगाने वाईट झालं तर आधी साईज तपासा.

माझ्या मित्राच्या टार्गेटवर दोन गोल आणि तीन लांबट होती ना? तिथेच उत्तर होतं. ट्विस्ट असा निवडून निवडून दगा देत नाही.

मग साईज ठरवायची कशी. डब्यावरच्या आकड्याने नाही आणि रायफलच्या नावाने तर अजिबात नाही. .४४ मॅग्नमची जॅकेटवाली गोळी ०.४२९ इंचाची असते, ०.४४ ची नाही. .३०३ मधला ३०३ हा आकडा आट्यांच्या उंचवट्यांमधला व्यास आहे, खाचा त्याहून खोल असतात, आणि जुन्या ली-एनफिल्ड रायफलींत खाचांचा व्यास एकीचा दुसरीशी जुळेलच असं नाही. तुमची बॅरल तुम्हीच मोजायची. शुद्ध मऊ शिशाचा एक तुकडा, बॅरलपेक्षा किंचित मोठा, तेलाचा हात लावून पितळी दांड्याने हळूहळू आरपार ढकलायचा. रायफल रिकामी आहे हे आधी दोनदा बघा. लिव्हर अॅक्शन रायफलीत, म्हणजे खालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरतात तिच्यात, मागून दांडा जात नाही म्हणून तोंडाकडून ढकलतात. ढकलताना हाताला कुठे घट्ट लागतं कुठे सैल ते पण कळतं, बऱ्याच लिव्हर रायफलींत साईट बसवायला जिथे वरून खाच मारलेली असते तिथे नळी जरा घट्ट लागते. बाहेर आलेल्या तुकड्यावर बॅरलचा छाप असतो, तो मोजायचा.

आणि मोजायचं मायक्रोमीटरने. व्हर्नियरने नाही! माझे काका कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करायचे, हजारांश इंचाच्या कामाला कोणी व्हर्नियर लावला तर ते त्याच्या हातातून काढून घ्यायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. इथे अख्खा प्रश्नच एक-दोन हजारांशांचा आहे, आणि जे हत्यार एवढ्याच फरकाने चुकू शकतं त्याच्या भरवशावर तुम्ही निर्णय घेताय. एक अडचण मात्र सांगून ठेवतो, पाच खाचांच्या बॅरलमध्ये, म्हणजे बहुतेक एनफिल्डमध्ये, खाचेसमोर खाच येत नाही, त्यामुळे साधा मायक्रोमीटर खोटा आकडा देतो. तिथे व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो.

खाचांचा व्यास मिळाला की गोळी त्याहून एक ते दोन हजारांश मोठी ठेवायची ही सुरुवात. पण तेवढ्यावर थांबू नका. चेंबरच्या पुढे, आटे सुरू होण्याआधी जो गळा असतो, गोळी आधी त्यात बसते. घासून घासून मोठ्या झालेल्या जुन्या लष्करी रायफलीत गळा खाचांपेक्षा बराच मोठा असू शकतो, तिथे मी गोळी गळ्याच्या मापाची घेतो. हे माप सेरोसेफ नावाच्या मिश्रधातूने काढता येतं. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, चेंबरमध्ये ओतायचा, गोठला की काढायचा आणि एक तास थांबून मोजायचा. आधी तो आकसतो मग परत फुगतो, तासाभराने खऱ्या मापावर येतो. घाईत मोजला तर माप कमी येतं.

वरची मर्यादा चेंबर ठरवतं. गोळी मोठी केली की भरलेल्या काडतुसाची मान पण जाड होते. काडतूस चेंबरमध्ये बोटाने सहज गेलं पाहिजे आणि मानेला सुटायला जागा उरली पाहिजे, जोर लावून बोल्ट किंवा लिव्हर बंद करावी लागत असेल तर ते काडतूस मारू नका. गोळी सुटायला जागा नसेल तर प्रेशर धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

अजून एक गैरसमज आहे ज्याचा मला खरंच राग येतो. "शिसं चिकटतंय? कडक गोळी घे." लोक जास्त पैसे देऊन लिनोटाइपसारख्या कडक गोळ्या आणतात, शुद्ध शिसं साधारण ५ ब्रिनेल (हे कडकपणाचं माप) तर लिनोटाइप २२ च्या आसपास, आणि त्याच बारीक साईजच्या आणतात. मऊ गोळीचा बुडखा प्रेशरने थोडा फुगून खाच भरू तरी शकतो, कडक गोळी तेवढी पण फुगत नाही, म्हणजे गॅसला वाट मोकळीच. बारीक कडक गोळीपेक्षा बरोबर साईजची मध्यम गोळी मी कधीही घेईन, १२ ते १५ ब्रिनेल, एवढ्यात माझं सगळं काम भागतं.

माझ्या .४४ मॅग्नमचंच सांगतो कारण तिच्यात हे दोन्ही आजार मी वेगवेगळे बघितलेत. ट्विस्ट १:३८, मार्लिनच्या जुन्या १८९४ लिव्हर रायफलींना असायचा तोच. विकत आणलेल्या ०.४२९ च्या कडक गोळ्या मारल्या, ५० यार्डांवर पसारा, मधूनच आडवी, बॅरल करडी. सगळे म्हणाले, ट्विस्ट. बॅरल मोजली तर खाचांचा व्यास ०.४३१ निघाला. मग २४० ग्रेनच्या मध्यम गोळ्या ०.४३२ ला साईज करून मारल्या, बॅरल तीच, ट्विस्ट तोच, आणि सगळी भोकं गोल.

मग मुद्दाम ३०० ग्रेनच्या घेतल्या, ०.४३२ च्याच, आणि वेग कमी ठेवला. दहाच्या दहा कलल्या, बॅरल मात्र स्वच्छ. हा खरा ट्विस्टचा प्रश्न. ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र लावून बघा: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले ट्विस्ट. ०.४३ चा वर्ग ०.१८४९, गुणिले १५० म्हणजे २७.७, भागिले ३८, उत्तर ०.७३ इंच. या बॅरलला साधारण तेवढ्या लांबीची गोळी झेपते. आणि ०.४३ जाडीचा ३०० ग्रेनचा नुसता सपाट दंडगोल जरी केला तरी मिश्र शिशात तो ०.७६ च्या आसपास भरतो, नाकाची लांबी वेगळीच. रूगरच्या ७७/४४ सारख्या रायफलीला १:२० ट्विस्ट आहे, तिथे हीच गोळी आरामात चालेल.

आता फास्ट ट्विस्ट हवाच असं पण नाही. वेग फूट पर सेकंदात घ्या, त्याला ७२० ने गुणा आणि ट्विस्टच्या इंचांनी भागा, मिनिटाला किती गिरक्या ते मिळतं. २००० च्या वेगाला १:१० मध्ये १,४४,००० आणि १:१२ मध्ये १,२०,०००. ओतीव गोळीच्या पोटात एखादा हवेचा बुडबुडा राहिलेला असतोच आणि गिरक्या वाढल्या की तो गोळीला बाहेर खेचतो. म्हणून ओतीवसाठी गोळी स्थिर राहील एवढाच ट्विस्ट मला आवडतो, त्याच्या वर नको.

मित्राला परवा संध्याकाळी घरी बोलावलं, त्याची बॅरल मोजली, ०.३१० आली. तो मारत होता ०.३०८ च्या. त्याने नव्या बॅरलची चौकशी चालवली होती, ती तूर्त थांबवलीय, ०.३११ चा साईझिंग डाय (गोळी दाबून नेमक्या व्यासाची करायचा साचा) मागवलाय, आणि तो आला की पहिल्यांदा काडतूस चेंबरमध्ये बोटाने सहज जातं का तेवढं बघायचं ठरलंय.