अन्नपदार्थाचा नमुना जंतुतपासणीला देताना: कोण देऊ शकतो, कागद कोणते लागतात

उत्पादक, गोदामवाले, आयातदार, विक्रेते असे कोणीही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे अर्ज करू शकतात. काही प्रयोगशाळा ग्राहकाचा नमुनाही घेतात. पण प्रकरण कायदेशीर मार्गाने न्यायचं असेल तर स्वतः नेलेला नमुना सहसा पुरत नाही. अधिकाऱ्याने रीतसर घेऊन सीलबंद केलेला लागतो. तेव्हा आधी अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला गाठा, उरलेला पदार्थ फेकू नका.

प्रयोगशाळेकडे आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता आहे एवढ्यावर भागत नाही. मान्यता तपासणीनिहाय असते. आपल्या पदार्थातल्या साल्मोनेलाची (अन्नातून विषबाधा करणारा एक जिवाणू) तपासणी मान्यतेच्या यादीत आहे का, ते पाहून घ्या.

अर्जात पदार्थाचं नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, नमुना कधी, कुठे, कोणी घेतला, तेव्हाचं तापमान किती होतं, हे सगळं हवं. सोबत घटकांची यादी आणि साठवणुकीची पद्धत जोडा. ‘कोणती तपासणी’ हा रकाना मात्र घाईत भरू नका. ‘सर्व जंतू’ अशी तपासणी नसतेच. न शिजवता खाण्याच्या, फ्रिजमध्ये ठेवायच्या पदार्थासाठी लिस्टेरिया हा रोगकारक जिवाणू विसरलात तर मोठी चूक, कारण तो थंडीतही वाढतो.

शक्यतो न उघडलेलं पाकीट द्या. सुटा पदार्थ असेल तर निर्जंतुक डब्यात भरा. फ्रिजमधला नमुना १ ते ८ अंश सेल्सिअसला न्यायचा, गोठवायचा नाही. गोठवल्याने काही जिवाणू मरतात आणि अहवाल उगाच चांगला येतो. गोठवलेला पदार्थ मात्र वाटेत वितळता कामा नये.

निकाल दुसऱ्या दिवशी मागू नका. साल्मोनेलासाठी २५ ग्रॅम नमुना आधी साध्या पोषक द्रवात सुमारे १८ तास ठेवतात, म्हणजे उष्णतेने वा कोरडेपणाने अर्धमेले झालेले जिवाणू सावरतात. मग साल्मोनेला वाढेल पण इतर जिवाणू दबतील अशी निवडक माध्यमं, मग तो साल्मोनेलाच आहे याची खात्री. पारंपरिक पद्धतीत ३ ते ५ दिवस जातातच.

अहवालावर ‘२५ ग्रॅममध्ये आढळला नाही’ असं आलं, तर ते त्या २५ ग्रॅमपुरतं खरं. बॅचमधली १ टक्का पाकिटं दूषित असतील आणि आपण ५ तपासली, तर एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के. म्हणूनच माझं मत असं की अहवालापेक्षा रोजच्या नोंदवह्या मोलाच्या: शिजवताना मधोमध ७० अंश गाठले का, गरम पदार्थ ६० च्या वर आणि थंड पदार्थ ५ च्या खाली राहिला का. एचएसीसीपीची (उत्पादनात धोका कुठे आहे ते ओळखून तिथे नियंत्रण ठेवायची पद्धत) योजना असेल तर तीही अर्जासोबत द्या. कोणत्या टप्प्यावरचा नमुना हवा ते ठरवायला प्रयोगशाळेला मदत होते.

आणि जिवाणू आढळलाच, तर फेरतपासणीची वाट बघत माल सोडू नका. जिवाणू पदार्थात सारखे पसरलेले नसतात. दुसरा नमुना स्वच्छ निघाला म्हणून पहिला खोटा ठरत नाही.