एका तोंडवळ्याची दोन घरं

लंडनच्या बेजवॉटर भागात पोर्चेस्टर टेरेसवर ३ आणि ५ क्रमांकाचं जोडघर आहे. रस्त्यावरून पाहिलं तर तो एकच ऐसपैस बंगला वाटतो, आणि तसा वाटावा म्हणूनच तो बांधला होता. चौथ्या जॉर्जच्या कारकिर्दीत, १८२३ ते १८२५ या काळात, उद्यानरचनाकार आणि लेखक जॉन क्लॉडियस लाउडन याने स्वतःच्याच आराखड्यावरून तो उभा केला.

ही बतावणी का करावी लागली? जॉर्जियन लंडन, म्हणजे पहिल्या ते चौथ्या जॉर्ज राजांच्या काळातलं लंडन, म्हणजे सलग घरांची रांग. जमीन बड्या जमीनदारांची, बांधकाम करणाऱ्यांकडे ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आलेली. रस्त्याकडची रुंदी महाग पडे, म्हणून घरं अरुंद, उंच, एकमेकांना चिकटलेली. १६६६ च्या आगीनंतर विटा-दगडाची सक्ती आली, तर १७७४ च्या कायद्याने सामाईक भिंतींची जाडीही बांधून दिली. चारी बाजूंनी मोकळा व्हिला हा श्रीमंतांचा थाट. व्यापारात किंवा वकिलीत बरे पैसे मिळवणाऱ्याला रांगेतलं घर नकोसं झालं होतं, पण व्हिला परवडत नव्हता. दोन कुटुंबांनी एक भिंत वाटून घ्यायची, ही त्यातली तडजोड.

१७९४ मध्ये लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातल्या आयर इस्टेटसाठी, म्हणजे आयर घराण्याच्या जमिनीसाठी, अशा जोडघरांचा मोठा आराखडा निघाला. तो जसाच्या तसा काही उतरला नाही. त्याच दशकात वास्तुकार मायकेल सर्ल्सने लंडनच्या ब्लॅकहीथ भागात ‘पॅरागॉन’ नावाची घरं बांधायला घेतली. अर्धवर्तुळात सात जोड्या, आणि जोड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खांबांच्या ओळी. गंमत म्हणजे घरं सुटी करून त्याने ती लगेच पुन्हा एकमेकांना बांधून टाकली!

लाउडनची युक्ती याहून धीट. समोर दोन दारं दिसली की बिंग फुटणार, म्हणून त्याने ती दोन्ही बाजूंना नेली. सामाईक भिंत ज्या मध्यरेषेवर येते, नेमका तिथेच पुढे काचेचा घुमट काढला. पाहणाऱ्याची नजर घुमटावरच खिळते, जोड कुठे आहे हे शोधायचं सुचतच नाही. १८१६ मध्ये त्याने काचघरांसाठी वाकवता येणारी घडीव लोखंडी पट्टी काढली होती, तेव्हा घुमट त्यालाच सुचावा यात नवल नाही. काचेवर त्या वेळी सरकारी कर होता, तो १८४५ पर्यंत उठला नाही. म्हणजे घुमट ही चैनही होती. मला तर तो मालकाच्या धंद्याची पाटीच वाटतो. १८३८ मध्ये उपनगरी बागांवरच्या पुस्तकात त्याने हे घर सविस्तर छापलं, त्यामुळे ती पाटी दूरवर वाचली गेली.

लाउडन आणि त्याची लेखिका पत्नी जेन इथेच राहत. दोघांच्या नावाचा निळा फलकही भिंतीवर आहे.

इझ्लिंग्टनमधल्या लॉइड बेकर इस्टेटवर वास्तुकार जॉन बूथ आणि त्याच्या मुलाने १८२० नंतर हेच वेगळ्या रीतीने साधलं. दोन घरांवर मिळून एकच रुंद त्रिकोणी शिखर, आणि त्याचा मधला कोन बरोबर सामाईक भिंतीच्या डोक्यावर. पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या उपनगरांत जोडघरांचं पेव फुटलं, तेव्हा मात्र दोन घरांची एक हवेली भासवण्याची हौस सरली होती. प्रत्येकाला आपली स्वतंत्र फुगीर खिडकी आणि आपलं फाटक हवं होतं.