रनिंग बॅक आणि बचावशैली यांची जुळवणी (फँटसी फुटबॉल)

दर आठवड्याला कोणता रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन धावणारा खेळाडू) खेळवायचा आणि कोणाला बाकावर बसवायचे, हे समोरच्या संघाच्या बचावपद्धतीवरून ठरवण्याची फँटसी फुटबॉलमधील रीत. फँटसी फुटबॉलमध्ये खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडतात आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळतात. हा खेळ एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगवर बेतलेला असून त्याची सुरुवात १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकनबाख आणि त्यांच्या साथीदारांनी केली. प्रचलित पद्धतीत धावून किंवा झेलून काढलेल्या १० यार्डांना १ गुण, टचडाउनला (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवण्याला) ६ आणि ‘पीपीआर’ प्रकारात झेललेल्या प्रत्येक पासला आणखी १ गुण मिळतो. फिरकीपटू निवडताना चेपॉकची खेळपट्टी पाहावी, तसाच हा विचार आहे.

नवखे खेळाडू फक्त एक तक्ता बघतात : कोणत्या संघाने रनिंग बॅकना किती गुण दिले, त्यानुसार १ ते ३२ क्रमांक. हंगामाच्या पहिल्या महिन्यात हा तक्ता जवळपास निरुपयोगी असतो, कारण तीन-चार सामन्यांत समोर कोण आले यावरच तो हलतो. शिवाय हे गुण धावांतून (चेंडू घेऊन केलेल्या दौडींतून) गेले की झेलांतून, हे त्यातून कळत नाही. खरी मेख तिथेच आहे.

बचावाची शैली प्रथम ‘बॉक्स’मध्ये दिसते. चेंडूजवळच्या या पट्ट्यात आठ जण उभे केले, तर धावायला वाट उरत नाही, पण मागे पासला मोकळीक मिळते. प्रशिक्षक विक फँजिओ यांच्या धाटणीचे बचाव याच्या उलट दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल ठेवतात. लांब पास रोखले जातात, बॉक्स हलका होतो आणि डेरिक हेन्रीसारख्या दणकट धावपटूचे फावते. आघाडीच्या फळीतही फरक असतो. ‘टू-गॅप’ पद्धतीत मधला वजनदार टॅकल समोरच्याला जागीच थोपवून दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळतो आणि मागच्या लाइनबॅकरना (दुसऱ्या फळीतल्या बचावपटूंना) मोकळे ठेवतो. ‘वन-गॅप’मध्ये प्रत्येक जण आपल्या एकाच फटीतून मुसंडी मारतो. अशा उतावळ्या फळीवर स्क्रीन पास (मुसंडी मारणाऱ्यांना पुढे येऊ देऊन दिलेला आखूड पास) हा जुना उतारा, म्हणून तिथे झेल घेणारा रनिंग बॅक बरा.

२०१९ मधील टँपा बे बकनिअर्सचे उदाहरण बोलके आहे. प्रशिक्षक टॉड बोल्स यांच्या या बचावात मध्यभागी वीटा व्हेआ आणि एन्डामुकन्ग सू होते आणि धावांचे सर्वांत कमी यार्ड याच संघाने दिले. कॅरोलायना संघाचा रनिंग बॅक ख्रिश्चन मॅककॅफ्री याला त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या आठवड्यात १६ धावांत ३७ यार्ड मिळाले, तर ऑक्टोबरात लंडनला २२ धावांत अवघे ३१. तरीही पीपीआरच्या हिशेबात पहिल्या सामन्याचे गुण सातच्या आसपास आणि दुसऱ्याचे एकविसाच्या वर भरतात, कारण लंडनमध्ये त्याने धावून एक आणि झेलून एक असे दोन टचडाउन केले. त्या हंगामात त्याने धावून १,३८७ आणि झेलून १,००५ यार्ड काढले. असा खेळाडू कोणाहीसमोर बसवत नाहीत. जुळवणीचा उपयोग संघातल्या दुसऱ्या-तिसऱ्या रनिंग बॅकमधून निवड करताना.

किती वेळा चेंडू हाती येणार, हा प्रश्न शैलीपेक्षा मोठा आहे. आघाडीवर असलेला संघ घड्याळ पळवण्यासाठी धावतो, पिछाडीवरचा पासवर जातो. त्यामुळे कमकुवत बचावासमोरही पिछाडीवरच्या संघाचा धावपटू रिकाम्या हाताने परततो. दुखापतीही पाहाव्या लागतात, आणि त्या बचावातल्याही. सामन्याच्या ९० मिनिटे आधी न खेळणाऱ्यांची यादी जाहीर होते. बहुतेक जण तिच्यात आपल्या खेळाडूचे नाव शोधतात; मुरलेले मात्र समोरचा नोज टॅकल (बचावाच्या आघाडीच्या फळीतला मधला टॅकल) खेळणार आहे का, तेही बघून घेतात.