मोलॅरिटी आणि मोलॅलिटी: रेषेखाली काय आहे?

बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर मुले वहीच्या पानांचे फोटो पाठवून एकमेकांकडून रसायनशास्त्राची गणिते सोडवून घेतात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. वर्गात विचारायला संकोच वाटतो ते मैत्रिणीला रात्री अकरा वाजताही विचारता येते. माझ्या भाचीच्या फोनवर आलेले असेच एक पान मी नुकतेच पाहिले. ग्लुकोजच्या १ मोलर जलीय द्रावणाची घनता १.०७ ग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, तर त्याचा गोठणबिंदू किती अंशांनी खाली येईल, असा प्रश्न होता आणि पाण्याचा गोठणबिंदू-अवनमन स्थिरांक (ज्याला मोलॅलिटीने गुणायचे तो आकडा) १.८६ दिलेला होता. मैत्रिणीने १ ला १.८६ ने गुणून १.८६ हे उत्तर काढले होते, पुस्तकाच्या मागे मात्र २.०९ होते, आणि उत्तर चुकीचे छापले आहे असे दोघींनी ठरवून टाकले होते. पुस्तक बरोबर होते. गोठणबिंदूच्या सूत्राला मोलॅलिटी लागते, म्हणजे १ किलो द्रावकात (विरघळवणाऱ्या द्रवात) द्राव्याचे (विरघळलेल्या पदार्थाचे) किती मोल आहेत हा आकडा; मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या. गणितात दिली होती मोलॅरिटी, म्हणजे १ लिटर द्रावणात किती मोल आहेत हा आकडा; १ मोलर म्हणजे मोलॅरिटी १. घनता उगाच दिलेली नाही, एवढी शंका जरी कोणाला आली असती तरी गणित सुटले असते.

हा घोटाळा होण्यात मुलांचा दोष थोडा आणि नावांचा जास्त आहे. एका अक्षराचा फरक, चिन्हेही मोठा एम आणि छोटा एम. छापील पानावर ती वेगळी दिसतात, पण घाईने लिहिलेल्या वहीच्या फोटोत कोणता एम मोठा आणि कोणता छोटा हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात भर म्हणजे मोलॅलिटी या शब्दात ‘ल’ आहे म्हणून तिचा संबंध लिटरशी असेल असे मनात बसते, आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे: लिटर मोलॅरिटीत येतो, मोलॅलिटीत किलोग्रॅम येतो. अक्षरांवरून लक्षात ठेवण्याच्या युक्त्या मुले एकमेकांना मोठ्या प्रेमाने शिकवतात, पण परीक्षेच्या तणावात अशा युक्त्या उलट्या आठवतात, म्हणून इथे तरी त्यांवर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही राशींत भागाकाराच्या रेषेवर एकच गोष्ट असते, ती म्हणजे द्राव्याचे मोल. फरक सगळा रेषेखाली आहे. मोलॅरिटीत रेषेखाली तयार झालेल्या संपूर्ण द्रावणाचे लिटरमधले आकारमान असते, तर मोलॅलिटीत फक्त द्रावकाचे किलोग्रॅममधले वस्तुमान असते. म्हणजे बदल दोन ठिकाणी आहे, आकारमानाऐवजी वस्तुमान आणि द्रावणाऐवजी द्रावक. पहिला बदल बहुतेकांच्या लक्षात राहतो, दुसरा निसटतो, आणि मग १ किलो द्रावण घेऊन मोलॅलिटी काढली जाते.

प्रत्यक्ष द्रावण तयार करताना हा फरक हातांना कळतो. प्रॅक्टिकलसाठी ऑक्झॅलिक ॲसिडचे ०.१ मोलर द्रावण २५० मिलिलिटर करायचे असेल, तर आपण ३.१५ ग्रॅम स्फटिक तोलतो, थोड्या पाण्यात विरघळवून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओततो आणि मग मानेवरच्या खुणेपर्यंत थेंबथेंब पाणी घालतो. शेवटी एकूण पाणी किती लागले हे आपण मोजत नाही, आणि मोजण्याची गरजही नसते. खुणेला द्रावणाचा खालचा वक्र टेकला की काम झाले. मोलल द्रावण करताना मात्र ही खूण निरुपयोगी असते. तिथे १ किलो पाणी तराजूवर तोलायचे, त्यात १ मोल ग्लुकोज म्हणजे १८० ग्रॅम घालून ढवळायचे, आणि तयार द्रावण १ लिटर भरते की जास्त याची चिंता करायची नाही. हे द्रावण १ लिटरपेक्षा जास्तच भरते. म्हणून १ मोलल ग्लुकोजची मोलॅरिटी सुमारे ०.९ येते.

आता ते अडलेले गणित पाहू. समजावणाऱ्याने रूपांतराचे तयार सूत्र पुढे करण्याऐवजी ‘तुझ्यासमोर १ लिटर द्रावण ठेवले आहे, त्याचे वजन किती?’ असे विचारावे. घनता १.०७ असल्याने १ लिटरचे वस्तुमान १०७० ग्रॅम, त्यात ग्लुकोज १८० ग्रॅम, म्हणून पाणी ८९० ग्रॅम. १ भागिले ०.८९० म्हणजे मोलॅलिटी सुमारे १.१२४, आणि तिला १.८६ ने गुणले की २.०९. घनता कशासाठी दिली होती हे इथे उलगडते: द्रावणाच्या आकारमानावरून त्याच्या वस्तुमानाकडे जाण्याचा तो एकच पूल आहे.

द्रावण विरल असेल तर मात्र हा फरक जाणवतही नाही, कारण १ लिटर विरल जलीय द्रावणात जवळजवळ १ किलो पाणीच असते. ०.०१ मोलरच्या गणितात एकीच्या जागी दुसरी वापरली तरी उत्तर जुळते, आणि म्हणूनच गैरसमज वर्षभर लपून राहू शकतो. तो उघडा पाडायला प्रयोगशाळेतल्या तीव्र सल्फ्युरिक ॲसिडइतके चांगले उदाहरण नाही. वजनाने ९८ टक्के, घनता १.८४. म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ९८ ग्रॅम ॲसिड, जवळजवळ १ मोल, आणि पाणी फक्त २ ग्रॅम. या १०० ग्रॅमचे आकारमान सुमारे ५४.३ मिलिलिटर, म्हणून मोलॅरिटी १८.४. मोलॅलिटी काढताना रेषेखाली ०.००२ किलो येतात आणि उत्तर येते ५००. एकाच बाटलीसाठी १८.४ आणि ५०० हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवले की पुन्हा फारसे काही सांगावे लागत नाही.

यावरून ‘मोलॅलिटी नेहमी मोलॅरिटीपेक्षा मोठी’ असा नियम मुले करून घेतात. पाण्यातल्या नेहमीच्या उदाहरणांत तो चालतो, पण तो पाण्याच्या घनतेमुळे चालतो. क्लोरोफॉर्मची घनता सुमारे १.४९ आहे, त्यात एखाद्या पदार्थाचे ०.१ मोलर विरल द्रावण केले, तर १ लिटरमध्ये द्रावक जवळजवळ दीड किलो असतो आणि मोलॅलिटी ०.०७ च्या आसपास उतरते.

तापमानाचा मुद्दा सर्वांना पाठ असतो: गरम झाल्यावर द्रावण प्रसरण पावते, म्हणून मोलॅरिटी कमी होते, आणि वस्तुमान बदलत नसल्याने मोलॅलिटी तशीच राहते. पाणी २० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर गेले तर आकारमान साधारण ०.६ टक्के वाढते, इतपतच हा बदल असतो. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असे तापमान छापलेले असते ते याचसाठी. यावर एक चांगली शंका मुले विचारतात: पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड आपण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतो, मग मोलॅरिटी बदलून उत्तर चुकत नाही का? चुकत नाही, कारण पिपेटने १० मिलिलिटर घेतले तेव्हा द्रावण खोलीच्या तापमानाला होते आणि मोलची संख्या त्याच क्षणी ठरली. नंतर शंक्वाकृती फ्लास्कमध्ये द्रावण कितीही फुगले तरी परमँगनेटला मोलशी काम आहे, आकारमानाशी नाही.

गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदूच्या सूत्रांत मोलॅलिटी का, याचे उत्तर ‘ती तापमानावर अवलंबून नाही म्हणून’ असे दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हे गुणधर्म मुळात द्राव्य आणि द्रावक यांच्या एकूण मोलमध्ये द्राव्याचा वाटा किती यावर, म्हणजे मोल फ्रॅक्शनवर, उभे आहेत, आणि विरल द्रावणात मोल फ्रॅक्शन मोलॅलिटीच्या प्रमाणात असते. १ किलो पाण्यात ५५.५ मोल असतात, म्हणून १ मोलल जलीय द्रावणात द्राव्याचे मोल फ्रॅक्शन १ भागिले ५६.५, म्हणजे ०.०१७७. १ मोलल जलीय द्रावणाचे मोल फ्रॅक्शन किती, हा प्रवेश परीक्षांचा आवडता प्रश्न याच नात्यातून येतो.

परासरण दाबाच्या (अर्धपार्य पडद्यातून द्रावक द्रावणात शिरणे थांबवायला लागणाऱ्या दाबाच्या) सूत्रात मात्र मोलॅरिटी येते. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल १९०१ मध्ये ज्यांना मिळाले त्या व्हॅन्ट हॉफ यांनी हे सूत्र वायूंच्या समीकरणाच्या धर्तीवर मांडले. त्यात द्रावणाचे आकारमान येते, आणि मोजमाप एकाच ठरलेल्या तापमानाला होत असल्याने प्रसरणाची अडचण येत नाही. भाचीच्या वहीतले तेच १ मोलर ग्लुकोज ३०० केल्विनला घेतले, तर सूत्राने येणारा परासरण दाब १ गुणिले ०.०८२१ (वायू स्थिरांक) गुणिले ३००, म्हणजे सुमारे २४.६ ॲटमॉस्फिअर, आणि या गणितात १.०७ ही घनता कुठेच लागत नाही.