धाकट्या भावाचं चित्र की थोरल्याचं?

बेल्जियममधल्या गेंट शहरात, सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये ओक लाकडाच्या फळ्यांवर रंगवलेलं एक भलंमोठं वेदीचित्र आहे. ते पंधराव्या शतकातल्या यान व्हान आयक या चित्रकाराचं म्हणून जगभर ओळखलं जातं. चौकटीवरच्या चार लॅटिन ओळी मात्र वेगळंच सांगतात. ज्याच्याहून थोर कोणी नाही अशा ह्युबर्टने, म्हणजे यानच्या थोरल्या भावाने, हे काम सुरू केलं आणि कलेत दुसरा असलेल्या धाकट्या यानने ते पुरं केलं. तारीख ६ मे १४३२. ह्युबर्ट तर १४२६ मध्येच वारला होता.

या ओळी हिरव्या रंगाच्या थराखाली दडलेल्या होत्या. १८२३ मध्ये बर्लिनला तो थर काढल्यावर त्या दिसल्या, आणि वाद पेटला. १९३३ मध्ये बेल्जियन चित्रसंग्राहक एमिल रेंडर्सने तर ह्युबर्ट नावाचा चित्रकार झालाच नाही, गेंटकरांनी तो रचला, असं ठासून मांडलं. मला हा दावा पहिल्यापासूनच ताणलेला वाटतो. नगरपालिकेच्या जुन्या हिशेबांत ह्युबर्टच्या मोजक्या का होईना, नोंदी आहेत.

२०१२ पासून चाललेल्या जतनकामात क्ष-किरण प्रतिदीप्तीचं तंत्र वापरलं गेलं. चित्रावर क्ष-किरण टाकले की शिसं, पारा, तांबं अशी मूलद्रव्यं आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतात. बिंदूबिंदूने मोजत गेलं की खालच्या थरांचा नकाशा तयार होतो. चित्राचा बराच भाग सोळाव्या शतकात पुन्हा रंगवला गेला होता, हे त्यातून कळलं. (१९५०च्या सुमारास अर्धवट सफाई झाली, तेव्हा चित्राच्या मध्यभागी असलेल्या कोकराचे मूळचे कानही उघडे पडले आणि त्याला चक्क चार कान दिसू लागले!) चौकटीवरच्या ओळी मूळ रंगकामाच्याच काळातल्या आहेत, असाही निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

म्हणजे ओळी खोट्या नाहीत. पण कोणता भाग कोणाचा? अवरक्त किरण बहुतेक रंगांतून आरपार जातात आणि कोळशासारख्या काळ्या रेषेत शोषले जातात, म्हणून खालचं रेखाटन दिसतं. मधल्या मोठ्या फळीवर आधीचं एक साधं निसर्गदृश्य असून त्यावर नंतर बारकाईचं काम चढवलेलं आहे, असं अभ्यासकांना आढळलं. ते खालचं दृश्य ह्युबर्टचं असावं, असं मानायला जागा आहे. ताडून पाहणार कशाशी, ही अडचण उरतेच, कारण ह्युबर्टचं असं निर्विवाद दुसरं एकही चित्र आज शिल्लक नाही.