प्रताधिकार आणि विद्यापीठीय अध्यापन

विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापनासाठी दुसऱ्याच्या प्रताधिकाराखाली (कॉपीराइटखाली) असलेले ग्रंथ, लेख, चित्रे, ध्वनिमुद्रणे, चित्रपट इत्यादी साहित्य कायद्याच्या चौकटीत वापरण्याची व्यवस्था. असा वापर तीन वाटांनी विधिसंमत ठरतो. कृतीवरील प्रताधिकाराची मुदत संपलेली असली (भारतात ग्रंथांबाबत ती लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी संपते), किंवा हक्कधारकाने खुल्या अथवा सशुल्क परवान्याने मुभा दिलेली असली, तर वादाला फारशी जागा राहत नाही. तिसरी वाट कायद्यानेच घालून दिलेल्या अपवादांची आहे. तिच्यात परवानगी लागत नाही आणि मोबदलाही बहुधा द्यावा लागत नाही. न्यायालयीन वाद व अभ्यासकांतील मतभेद मुख्यतः या तिसऱ्या वाटेविषयी आहेत.

अध्यापनविषयक अपवादाचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो अठराव्या शतकातील इंग्लिश न्यायनिर्णयांपर्यंत मागे नेतात. जाइल्स विरुद्ध विलकॉक्स (१७४० च्या सुमारास) या खटल्यात लॉर्ड हार्डविक यांनी प्रामाणिकपणे केलेला संक्षेप ही नवी कृती मानली, आणि त्या सूत्रातूनच पुढे ‘वाजवी वापरा’ची (परवानगीविना करता येणाऱ्या रास्त वापराची) कल्पना वाढली, असे या पक्षाचे म्हणणे आहे. अमेरिकेत न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी फॉल्सम विरुद्ध मार्श (१८४१) या खटल्यात घेतलेल्या मजकुराचे स्वरूप, त्याचे प्रमाण व मूळ कृतीच्या विक्रीला लागणारी झळ या कसोट्या मांडल्या, हे खरे आहे. मात्र तेथे ८६६ पानांच्या चरित्रातील ३५३ पाने जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रलेखनाच्या संपादित आवृत्तीतून उचललेली होती, आणि ते चरित्र शालेय ग्रंथालयांसाठी तयार केलेले असूनही हक्कभंग सिद्ध झाला. या परंपरेत शिक्षणाला स्वतंत्र स्थान नव्हते, हे त्यावरून दिसते. म्हणून अध्यापनाच्या अपवादाची सुरुवात प्रताधिकाराविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारापासून धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते. त्या कराराच्या आठव्या अनुच्छेदाने शैक्षणिक वा शास्त्रीय प्रकाशनांसाठी आणि वेचेसंग्रहांसाठी उतारे घेण्याची मुभा द्यावी की नाही, हे सदस्य देशांच्या कायद्यांवर सोपवले होते. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत ही तरतूद उताऱ्यांपुरती न ठेवता ‘अध्यापनात उदाहरणादाखल’ केलेल्या वापरापर्यंत, म्हणजे प्रकाशनांबरोबर प्रक्षेपणे आणि ध्वनिमुद्रणे व चित्रमुद्रणे यांपर्यंत, विस्तारण्यात आली. वापर उद्दिष्टाने समर्थनीय ठरेल इतकाच असावा, तो रास्त प्रघाताला धरून असावा आणि मूळ कृती व कर्ता यांचा उल्लेख व्हावा, या तिच्या अटी आहेत. किती पाने घ्यावीत, याचा आकडा त्यात नाही.

बर्न कराराच्या १९७१ च्या पॅरिस आवृत्तीला विकसनशील देशांसाठी एक परिशिष्ट जोडले गेले. त्याला अनुसरून भारताने १९८३ मध्ये आपल्या कायद्यात सक्तीच्या परवान्यांची (हक्कधारकाची संमती नसतानाही मिळू शकणाऱ्या परवान्यांची) तरतूद केली. परदेशी ग्रंथाच्या पहिल्या प्रकाशनानंतर सामान्यतः ३ वर्षांनी अध्यापन वा संशोधन यांसाठी त्याच्या भाषांतराचा परवाना मागता येतो. निसर्गविज्ञाने, गणित व तंत्रविद्या यांतील ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाला ३ वर्षांची, ललित साहित्याला ७ वर्षांची आणि इतर ग्रंथांना ५ वर्षांची मुदत आहे. भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्याच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये अध्यापनाशी संबंधित खंड एकापाठोपाठ येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची अक्षरे बदलल्याने जुन्या लेखनातील संदर्भ जपून वाचावे लागतात. खंड (एच) वेच्यांच्या संग्रहांविषयी आहे. संग्रहात मुख्यतः प्रताधिकारमुक्त मजकूर असावा, घेतलेले उतारे लहान असावेत, ते मुळात अध्यापनासाठी प्रकाशित झालेले नसावेत आणि एका प्रकाशकाने एकाच लेखकाचे दोहोंपेक्षा जास्त उतारे पाच वर्षांत छापू नयेत, असे तो सांगतो. ही दोन उताऱ्यांची मर्यादा १९११ च्या ब्रिटिश कायद्यातून, भारतातील १९१४ च्या अधिनियमामार्गे आलेली आहे. खंड (आय) मध्ये मात्र शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात, तसेच प्रश्नपत्रिकेत व उत्तरांत कोणत्याही कृतीचे केलेले पुनरुत्पादन हक्कभंग ठरत नाही, एवढेच म्हटले आहे. उतारा लहान असण्याची अट तेथे नाही.

या दोन खंडांतील अंतरावरच दिल्ली विद्यापीठाचा गाजलेला खटला उभा राहिला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस व विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. नेमलेल्या वाचनातील निरनिराळ्या ग्रंथांची प्रकरणे एकत्र बांधून त्यांच्या झेरॉक्स प्रती ‘कोर्स पॅक’ म्हणून विद्यार्थ्यांना विकल्या जात होत्या. वादी प्रकाशकांच्या मते अध्यापनाचा ओघ म्हणजे वर्गात शिक्षक व विद्यार्थी समोरासमोर असतानाची देवघेव. आधी बांधून ठेवलेला संच हा खंड (एच) खालील संग्रहच होय, आणि मधला दुकानदार नफ्यासाठी काम करतो, असा वादींचा युक्तिवाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाचे एकल न्यायाधीश राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. अभ्यासक्रम ठरवण्यापासून परीक्षेपर्यंतची सारी प्रक्रिया अध्यापनात मोडते, आणि विद्यार्थी ग्रंथालयात बसून जे हाताने उतरवून घेत असत तेच यंत्राने केल्याने कायदेशीर कृत्य बेकायदेशीर होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ९ डिसेंबर २०१६ रोजी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने खंड (आय)चा हाच व्यापक अर्थ कायम ठेवला, परंतु एक सूक्ष्म फरक केला. वापराचा रास्तपणा या खंडात गृहीतच आहे, आणि तो पृष्ठसंख्येवरून न ठरता अध्यापनाच्या उद्दिष्टाला त्या मजकुराची गरज होती का, यावरून ठरतो, असे सांगून तेवढा वस्तुस्थितीचा प्रश्न पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. त्यामुळे त्या विशिष्ट संचांपुरता हा प्रश्न निकाली निघालाच नाही. हा निर्णय म्हणजे सरसकट झेरॉक्सची मुभा, असा त्याचा जो अर्थ अनेकदा लावला जातो तो म्हणूनच बरोबर नाही. तरीही खंडपीठाची कसोटी बर्न कराराच्या शब्दांशी सर्वाधिक जुळते, आणि इतर न्यायालयांच्या आकडेवार मर्यादांपेक्षा ती अध्यापनाचे स्वरूप अधिक नेमके ओळखते.

आकड्यांचा आग्रह प्रामुख्याने अमेरिकेतून पसरला. तेथील १९७६ च्या कायद्याचे कलम १०७ वर्गासाठीच्या अनेक प्रतींचा उल्लेख करते, पण संख्या सांगत नाही. त्याच वर्षी शिक्षणसंस्था व प्रकाशक यांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत मात्र गद्य उताऱ्याला १,००० शब्द किंवा १० टक्के यांपैकी जे कमी असेल ते, अशी सीमा आली. किमान सुरक्षित वापर दाखवण्यासाठी लिहिलेली ही सूत्रे पुढे कमाल मर्यादा म्हणून वापरली जाऊ लागली. व्यापारी छपाईकेंद्रांनी काढलेले वाचनसंच १९९१ व १९९६ च्या निर्णयांत हक्कभंग ठरले. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या खटल्यात जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये १० टक्के किंवा एक प्रकरण असा निकष लावला, तो २०१४ मध्ये अपील न्यायालयाने यांत्रिक म्हणून नाकारला व प्रत्येक कृतीचा वेगळा विचार करण्यास सांगितले. ब्रिटनमध्ये आकडा कायद्यातच आहे: परवाना उपलब्ध नसल्यास संस्थेला एका कृतीचा ५ टक्क्यांपर्यंतचा भाग १२ महिन्यांत घेता येतो. कॅनडाने २०१२ मध्ये शिक्षणाचा वाजवी व्यवहाराच्या (तेथील कायद्यातील परवानगीविना वापराच्या अपवादाच्या) उद्दिष्टांत स्पष्ट समावेश केला.

परवाना घेतलेल्या विद्युत् (ऑनलाइन) नियतकालिकांच्या बाबतीत अपवादाआधी कराराचा मसुदा पाहावा लागतो, कारण लेख वर्गाच्या संकेतस्थळावर ठेवता येईल की केवळ दुवा देता येईल, हे बहुधा तेथे ठरलेले असते. शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना शोधनियतकालिके एकत्रित वर्गणीने उपलब्ध करणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेने भारतात या बाजूचे महत्त्व वाढले आहे.

चित्रपट व ध्वनिमुद्रणे यांसाठी भारतीय कायद्याच्या कलम ५२(१) चा खंड (जे) लागू होतो: संस्थेच्या कार्यक्रमात प्रेक्षकवर्ग शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरता मर्यादित असला, तर प्रदर्शन हक्कभंग ठरत नाही. दूरस्थ अध्यापनाबाबत अमेरिकेने २००२ मध्ये व युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाच्या पाचव्या अनुच्छेदाने वेगळे नियम केले. दोहोंत प्रवेश नोंदणीकृत विद्यार्थ्यांपुरता राखण्यावर भर आहे. भारतात तसा स्वतंत्र खंड नाही. परवलीच्या शब्दाने संरक्षित वर्गात दाखवलेला मजकूर खंड (आय) व (जे) यांच्या आधारे समर्थनीय ठरू शकतो. तेच व्याख्यान सर्वांसाठी खुल्या वाहिनीवर चढवले की प्रेक्षकवर्गाची मर्यादा सुटते आणि त्यातील प्रत्येक चित्र, उतारा व चित्रफीत यांसाठी वेगळा आधार दाखवावा लागतो.