पार्श्वभूमी: पटाश्या बंद पेटीत ठेवायच्या की भिंतीवर उघड्या?

घरी लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या लोकांत, कोरायची हत्यारं म्हणजे पटाश्या पावसात गंजू नयेत म्हणून, दर जूनला हा वाद सुरू होतो आणि दसऱ्यापर्यंत चालतो. गंज का धरतो, धार कशी लावायची हे वाचणाऱ्यांना माहीतच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. वाद आला कुठनं एवढंच बघू, कारण दोन्ही बाजूंचे दाखले वेगवेगळ्या मुलखातले आणि वेगवेगळ्या काळातले असतात, आणि माझ्या मते निम्मं भांडण तिथेच आहे.

पेटीवाले नेहमी युरोपातल्या पेट्या दाखवतात. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर १९३६ साली शेत नांगरताना ओकची एक पेटी सापडली, सुमारे हजार वर्षांपूर्वीची, आत सुतारकामाची आणि लोहारकामाची मिळून २०० पेक्षा जास्त हत्यारं आणि वस्तू, पेटीभोवती लोखंडी साखळी. ती जागा पूर्वी दलदलीची होती, तिथे हवा फारशी पोचत नव्हती, म्हणून लोखंड टिकलं. याच्या उलट ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचं जहाज १५४५ ला बुडलं आणि १९८२ ला वर काढलं, त्यात जहाजावरच्या सुतारांच्या पेट्या मिळाल्या, पण तिथे मुठी आणि रंध्यांचे लाकडी ठोकळे शाबूत आणि पाती बहुतेक विरघळून गेलेली. म्हणजे पेट्या दोन्हीकडे होत्या, फरक पडला तो जागेमुळे. तिसरा दाखला इंग्लंडमधल्या रॉचेस्टरचा. १७९६ च्या डिसेंबरात एका बापाने लंडनमधून मुलासाठी हत्यारांचा पूर्ण संच विकत घेतला, मुलाने १७९७ मध्ये त्यासाठी सुरेख पेटी बनवली आणि हत्यारं मात्र जवळजवळ वापरलीच नाहीत, म्हणून ती आजही नव्यासारखी आहेत. हा दाखला फार फिरतो. पण घामाचा हातच लागला नाही त्या पोलादाची गोष्ट रोज हातात असणाऱ्या पटाशीला कशी लावायची हे मला अजून पटलेलं नाही.

आपल्याकडे पेटीची परंपरा मुळात अशी नव्हती. पेशवाईतल्या वाड्यांचे सागवानी खांब, महिरपी, पुण्याच्या विश्रामबागवाड्याची कोरीव दर्शनी बाजू हे सगळं आजही बघता येतं, पण ज्यांनी ते कोरलं त्यांची हत्यारं जपलेली फारशी दिसत नाहीत, कारण हत्यार झिजेस्तोवर वापरायचं आणि झिजलं की लोहाराकडे देऊन त्याचं दुसरं काहीतरी करून घ्यायचं अशी रीत होती. सुताराकडे हत्यारंही मोजकीच, वाकस, करवत, रंधा, गिरमिट, किकरे आणि चार-सहा पटाश्या, सगळं एका थैल्यात नाहीतर गोणपाटात गुंडाळून कामाच्या घरी न्यायचं. युरोपात कोरीवकामाच्या पटाश्यांना गोलाईप्रमाणे नंबर असतात आणि एकेका कारागिराकडे डझनावारी नग असतात, तेवढे नग झाले की पेटी, खण, कप्पे हे ओघानंच येतं. आपल्याकडे जुन्या कानशीतून किंवा गाडीच्या कमानपाट्यातून पटाशी घडवून घेणाऱ्याला कप्प्यांची गरजच पडली नाही.

मला जे सगळ्यात जवळून माहीत आहे ते कोकण, त्यातही सावंतवाडीकडचं, आणि तेही साधारण १९८० नंतरचं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. सावंतवाडीची लाकडी खेळणी, फळं सगळ्यांना माहीत आहेत, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. या भागात हत्यारं सांभाळणं हा वस्तूचा प्रश्न नव्हता, महिन्यांचा होता. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या तोंडच्या, कामांत जसं लाकूडफाटा आत घ्यायचा, कुळीथ-तांदूळ भरायचे, तसंच जी हत्यारं पावसात लागणार नाहीत ती पुसून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या वरच्या माळ्यावर टाकायची. रोजची दोन-तीन खाली, बाकीची वर. मग खंडेनवमीला सगळी काढायची, घासायची, धार लावायची, हळदकुंकू लावून पुजायची. खंडेनवमी पाऊस ओसरताना येते, त्यामुळे पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा घरातलं प्रत्येक हत्यार उजेडात येऊन तपासलं जायचं. आमच्याकडे आजोबा कामचुकार पोराला एकवेळ माफ करतील पण नवमीला गंजकी पटाशी पाटावर आली तर त्या दिवशी कुणाशी बोलायचे नाहीत.

चुलीवरच का, तर ऊब. १९२०-३० च्या दशकांत ब्रिटनमध्ये लोखंड आणि दमट हवा यांवर प्रयोग झाले आणि दिसलं की सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे) साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर गंज फार हळू चढतो आणि ती त्याच्या वर गेली की झपाट्याने वाढतो, आणि लोखंडावर मीठ असेल, मग ते समुद्राचं असो की घामाचं, तर ही हद्द आणखी खाली येते. आता जुलैतली हवा घ्या, २७ अंश आणि ९० टक्के. त्यातलं पाणी अजिबात न काढता तीच हवा ३२ अंशांवर नेली तर आर्द्रता ६७ च्या आसपास येते, ३४ वर नेली तर ६० च्या. पाच-सात अंशांची ऊब एवढं करते. माळ्यावर हे चार महिने आपोआप होत होतं, कुणी मोजत नव्हतं.

इथे तेलाबद्दल एक सांगतो. त्या फडक्याचं तेल खोबरेल असायचं कारण घरात तेच असायचं, पण खोबरेल खवट झालं की त्यातली आम्लं लोखंडाला खातात, म्हणून दर महिन्याला फडकं बदलायचं असा नियम होता. तेल लावा एवढं पुढे आलं, फडकं बदला हे मागे राहिलं. आता बहुतेक जण शिवणयंत्राचं तेल वापरतात आणि ते बरंच आहे, ते खवट होत नाही. जपानात धारेला कॅमेलियाच्या बियांचं तेल लावतात, तेही न वाळणारं.

मग घरं बदलली. मातीच्या भिंती गेल्या, स्लॅब आला, चूल जाऊन गॅस आला, माळा गेला. ज्याला आपण आज ‘घरातलं वर्कशॉप’ म्हणतो ती म्हणजे बहुतेक वेळा मागची खोली नाहीतर जिन्याखालची जागा, जी घरात सगळ्यात दमट असते. वाद खरा इथून सुरू झाला असं माझं मत आहे. तोवर बंद की उघडं हा प्रश्नच नव्हता, उबेत की थंड जागी एवढाच होता.

बंदवाल्यांना बळ दिलं ते दोन गोष्टींनी आणि दोन्ही युद्धाशी जोडलेल्या आहेत. सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, पहिल्या महायुद्धाच्या काळात गॅसच्या मुखवट्यांसाठी वापरात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामान आणि औषधं कोरडी ठेवायला. दुसरी गोष्ट १९४० च्या दशकात अमेरिकेत निघाली, तो गंजरोधक वाफ सोडणारा कागद, आपल्याकडे लोकांनी तो पहिल्यांदा बघितला बेअरिंगच्या आणि गाडीच्या पार्टच्या पुडक्यात. दोन्ही उत्तम आहेत, पण दोन्हींची अट एकच, डबा घट्ट बंद हवा. आपली सागवानी पेटी, बिजागरीची, झाकणाला फट असलेली, ती या अर्थाने बंद नाहीच! सिलिका जेल वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी धरतं, म्हणजे बुटांच्या खोक्यातून काढलेल्या ५ ग्रॅमच्या पुडीत दीड-पावणेदोन ग्रॅम पाणी मावतं, आणि कोकणातल्या जुलैत फटीच्या पेटीत ती पुडी दोन दिवसात भरून जाते, पुढचे तीन महिने ती नुसती पडून असते आणि मालक निर्धास्त. माझ्या आठ गोल पटाश्या अशाच गेल्या, मुठीत शिरलेल्या शेपटापर्यंत गंज, वरून काही दिसत नव्हतं.

लाकडी पेटीची खरी ताकद वेगळी आहे आणि ती मान्य करायला हवी. लाकूड ओल शोषतं आणि सोडतं, त्यामुळे दिवसातले चढउतार पेटीच्या आत कमी पोचतात. पहाटे थंड झालेल्या लोखंडावर दमट हवा लागून जे दव धरतं ते पेटीत धरत नाही. आठवडाभराच्या पावसाला हे पुरतं. चार महिन्यांच्या पावसाला पुरत नाही कारण तोवर पेटीचं लाकूड स्वतःच ओलावून बसतं आणि मग ऊन पडलं तरी आतली ओल लवकर निघत नाही, आणि भिंतीवरची पटाशी मात्र ऊन पडलं की तासाभरात सुकते. देशावर, सांगली-सोलापूरकडे, पेटी छान चालते. रत्नागिरीत आणि गोव्यात चालत नाही. एकाच भाषेत दोघं भांडतायत पण हवा दोन आहेत, हे कुणी लक्षातच घेत नाही. आणि पेटी ओकची, बाभळीची किंवा खैराची असेल तर आणखी वाईट, ओकमधून आम्लाची वाफ निघते आणि टॅनिनवालं (तुरट अर्क असलेलं) ओलं लाकूड लोखंडाला लागलं की काळा डाग पडलाच. चामड्याच्या म्यानाचंही तेच, दिसायला सुंदर पण पावसाळ्यात ते पात्याला ओल धरून ठेवतं. धारेवर घालायला पांगाऱ्याचा तुकडा किंवा बाटलीचं बूच पुरतं.

डब्ल्यूडी-४० या स्प्रेच्या डब्याचाही उल्लेख करायला हवा, कारण तो आता प्रत्येक घरात आहे. तो १९५३ साली अमेरिकेत निघाला, नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं. ओली पटाशी पुसायला तो चांगला. त्यावर चार महिने विसंबणं चूक, थर फार पातळ असतो.

उघडेवाल्यांनी आणि बंदवाल्यांनी मिळून एक मधला तोडगा मात्र काढला होता आणि तो वीस-पंचवीस वर्षं टिकला, तो म्हणजे झिरोचा बल्ब. लोखंडी कपाट, खाली दोन भोकं, वर दोन भोकं, आत तळाला झिरो बल्ब चोवीस तास. कॅमेरेवाले आणि तबला-पेटीवाले हेच करायचे. नावाला झिरो पण तो १२-१५ वॉट खायचा आणि ती सगळी अखेर ऊबच व्हायची, म्हणजे चुलीवरचा माळाच कपाटात आणला होता. मग २०१५ पासून स्वस्त एलईडी घरोघर पोचले, झिरो बल्बच्या जागी एलईडीचा झिरो आला, जो अर्धा वॉट घेतो आणि उजेड देतो, ऊब देत नाही. कपाट तेच, होल्डर तोच, लाल-पिवळा उजेड तोच, आणि आतली पटाशी गंजलेली. लोकांनी दोष कधी पोलादाला दिला, कधी नवीन तेलाला, कधी कपाटाला. बल्बवर संशय घ्यायला आमच्या भागात दोन पावसाळे गेले.

त्यात लॉकडाऊनमध्ये हा छंद वाढला आणि बारा-बारा पटाश्यांचे सेट कॅनव्हासच्या गुंडाळीत घरी यायला लागले. नवीन माणूस ती गुंडाळी तशीच खणात ठेवतो, कॅनव्हास ओल पितो, पात्यावर कॅनव्हासच्या विणीचे ठसे उमटतात. त्याला कुणी पेटी घे म्हणतं, कुणी भिंतीवर लाव म्हणतं, आणि तू राहतोस कुठे हे आधी कुणी विचारत नाही.

सध्या माझ्याकडे जून ते सप्टेंबर कपाट आणि ऑक्टोबर ते मे भिंतीवरची फळी असं आहे. कपाटात आर्द्रतामापक ठेवलाय, जुना पिवळा झिरो बल्ब (एलईडी नव्हे) चालू असताना तो ५८ ते ६४ च्या मधे असतो, लाइट रात्रभर गेली की सकाळी ८० च्या वर. पिवळे बल्ब बाजारात जुन्या दुकानदारांकडे अजून निघतात, मी सहा आणून ठेवलेत.